लाल दिवा कुणाच्या खुर्चीवर

"मावशी, बीपीची गोळी कशी घेता ते तुमच्या शब्दांत सांगा," डॉक्टरांच्या टेबलावरच्या यंत्रानं विचारलं.

अनसूयाबाईंना घाम फुटला. गेल्या वर्षी बीपीनं डावा हात लुळा पडला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्यांनाच सगळ्यांदेखत अडाणी ठरवलं होतं.

"रोज जेवणानंतर एक. सांगितलं तस्सं!"

"उपासाला?"

"उपासाला कुठलं जेवण? मग गोळी कशी घेणार? सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळं पाळते मी."

लाल दिवा लागला. बाई हात जोडून उठल्या. "नापास झाले ना? माझी गोळी बंद नका करू हो!"

"बसा मावशी," डॉक्टर तांबोळी मान खाली घालून म्हणाले. "दिवा माझ्या खुर्चीवर लागलाय. पेशंटला कळलं नाही तर डॉक्टर नापास, असा कायदा आहे आता."

तो कायदा यायला किती हात लुळे पडले, ते कुणी मोजलं नाही.

"गोळी उपासालाही घ्यायची. फराळानंतर घ्या, नाहीतर नुसत्या पाण्याबरोबर. चुकवली की बीपी चढतं."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं, लेकरा?"

"चुकलं माझं."

बाईंनी सगळं पुन्हा सांगितलं, तेव्हा दिवा हिरवा झाला. आज चतुर्थीच होती. त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढला, अर्धा डॉक्टरांच्या हातावर ठेवला.

"खा. माझ्यापायी नापास झालेला पहिला डॉक्टर तू. देव तुझं भलं करो!"

उरलेला अर्धा खाऊन त्यांनी तिथंच गोळी घेतली.