चाकाखालची पऱ्हाटी

जीपचे मागले चाक तिसऱ्यांदा जागच्या जागी गरगरले आणि काळ्या चिखलात आणखी चार बोटे खाली गेले.

आत बसलेल्या रतिलालने घड्याळ पाहिले. सव्वाबारा. दोन वाजता भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रात त्याची पाळी सुरू होणार होती. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. उशिराबद्दल त्याला दोनदा ताकीद मिळाली होती, आणि तिसऱ्यांदा तिथे ताकीद मिळत नसे.

अधिक महिना होता. सावद्याजवळच्या या मळ्यात तो बायकोला घेऊन, मित्राकडून मागून आणलेल्या जीपने, धोंड्याच्या जेवणासाठी सासुरवाडीला आला होता. पहाटेपासून पावसाची झड लागली आणि मळ्यापासून डांबरी सडकेपर्यंतची तीन शेतांची वाट लोण्यासारखी झाली.

बांधावर त्याच्या सासूबाई, भागाबाई, कपाळाखाली पदर ओढून उभ्या होत्या. सासूने जावयाशी थेट बोलू नये, हा त्या घरचा शिरस्ता. लग्नाला दीड वर्ष झाले होते. रतिलालने त्यांचा आवाज भिंतीपलीकडून पुष्कळदा ऐकला होता, आपल्याला उद्देशून एकदाही नाही. जे सांगायचे ते सालदार सुपडूच्या तोंडून.

रतिलाल दोंडाईच्याचा. केळीशी त्याचा संबंध खाण्यापुरता. बागेच्या कडेला तोडलेल्या केळीचे खांब पडलेले दिसले, तेव्हा त्याने त्यांची रुंद, जाड सोपटे सोलून आणवली आणि चाकाखाली फळ्यांसारखी अंथरली.

भागाबाईंचा हात कमरेवर गेला.

"सुपडू, त्यांना म्हणावं, सोपट पाण्यानं भरलेलं असतं, त्यावर मुंगीसुद्धा ठरत नाही. काढा ते. पऱ्हाटी घाला."

सुपडू चिखल तुडवीत जीपपाशी गेला. अधिक महिन्यातला जावई म्हणजे नारायण. सकाळीच त्याचे पाय ताम्हणात धुतलेले सुपडूने पाहिले होते. नारायणाला चूक कशी दाखवायची?

"पाव्हने," तो म्हणाला, "अक्का म्हनतात, लई डोकं चालवलं तुमी."

रतिलाल खुलला. त्याने गाडी रेटली. चाक सोपटांवर सणसणत फिरले, त्यांचा लगदा उडाला आणि मागून ढकलणारी त्याची बायको मंदा, भागाबाईंची धाकटी लेक, गळ्यापर्यंत माखली.

"सुपडू! काय सांगितलंस त्यांना?"

"तेच सांगलं, अक्का."

"मग परत सांग. पाय दाबू नका म्हणावं. जितका दाबाल तितकं चाक खाली जाईल."

सुपडू पुन्हा गेला. "अक्का म्हनतात, तुमच्या पायात लई जोर आहे."

रतिलालने तो जोर दाखवला. जीपचे पोट चिखलाला टेकले.

मंदाने तोंडावरून हात फिरवला. "माय, हा सुपडूभाऊ तुझा एक शब्द पोचवत नाही. नुसती तारीफ करू राह्यला तिकडे!"

भागाबाईंनी एकदा सुपडूकडे पाहिले. मग त्या बांधावरून उतरल्या. खोपीत सरपणासाठी कापसाच्या वाळल्या काड्या रचलेल्या होत्या. त्या पऱ्हाटीचा एक भारा त्यांनी डोक्यावर घेतला आणि तशाच जीपसमोर येऊन उभ्या राहिल्या. पदर मागे सरकला होता. तो सावरायला हात मोकळा नव्हता.

"जावईबापू, पाय काढा."

रतिलालने पाय असा काढला की गाडीच बंद पडली. तो घाईने खाली उतरू लागला.

"उतरू नका. बसा."

तो बसला.

"सुपडू, चाकासमोरचा चिखल खोर, उतार कर. मंदे, ती सोपटं ओढून फेक." बोलता बोलता त्या स्वतः वाकल्या आणि मागच्या दोन्ही चाकांपुढे त्यांनी पऱ्हाटी घातली, आडवी, दाट, हाताने दाबून. तीवर जुने गोणपाट पसरले. आयुष्यभर त्यांनी बैलगाड्या काढल्या होत्या. ही गाडी बिनबैलांची, एवढाच फरक.

"आता ऐका," त्या म्हणाल्या. "बसलेला बैल उठवतात तशी सावकाश उठवा. काड्या मोडल्याचा आवाज येईल, भिऊ नका. एकदा निघाली की थांबायचं नाही. मागे बघायचं नाही."

"हो, अक्का."

काड्या करकरल्या. चाकाने गोणपाट धरले. मागून तिघांनी रेटा दिला, जीप डुलली, वर चढली आणि निघाली. आडवीतिडवी, पण निघाली. पहिले शेत, दुसरे, तिसरे. थांबायचे नव्हते, ती थांबली नाही. मागे बघायचे नव्हते, रतिलालने बघितले नाही. सडकेवर चढताच त्याने आनंदाने भोंगा वाजवला, आणि जीप भुसावळच्या दिशेने केळीच्या बागांआड दिसेनाशी झाली.

"पोचतीन वेळेवर," सुपडू म्हणाला.

मंदा चिखलात उभी होती. "माय, अनारशांचा डबा गेला, माझी पिशवी गेली, अन् मीच राहिले!"

जावई आता समोर नव्हता, तरी भागाबाईंनी पदर पुढे ओढून घेतला. थोडा वेळ त्याच्याआड फक्त त्यांचे खांदे हलत होते.

"जावई गुणाचा आहे, मंदे," अखेर त्या म्हणाल्या. "सांगितलेलं ऐकतो."