तीन अँपिअर

कुरुळीच्या नानासाहेबांनी सायलीच्या, म्हणजे त्यांच्या सुनेच्या, डिझाइनच्या कामासाठी माझ्या दुकानातून कॉम्प्युटर नेला आणि ठेवला बैठकीच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. त्याच्या काच लावलेल्या पेटीत रंगीत लाइटच्या दोन पट्ट्या होत्या. नानांना आठ हव्या होत्या.

"नाना, मदरबोर्डवरची लाइटची पिन तीन अँपिअरच सोसते. आठ जोडल्या तर बोर्ड जळेल," मी सांगितलं.

"पोरी, विहिरीवर धा एचपीच्या मोटारी चालवल्यात आमी. तू मला अँपिअर शिकवू नको."

घरी त्यांनी स्वतःच्या हाताने आठही पट्ट्या त्या एका पिनवर जोडल्या आणि बोर्ड जळला. नवीन बोर्ड टाकू का, विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, लाइटी तेवढ्या लागल्या पायजेत."

मी पट्ट्या अडॅप्टर लावून थेट भिंतीतल्या प्लगला जोडल्या आणि जळका बोर्ड काढून आणला. पेटीत उरली काच आणि झगमगाट.

आठ दिवसांनी नानांचा फोन आला.



"कॉम्प्युटर झकास चालतोय बघ, आख्खं गाव बघून गेलं! आमच्या सुनंलाच तेवढा चालवता येत न्हाई."