सणाची तिकिटं

छुसॉकच्या सणाला गावी जायच्या रेल्वे तिकिटांचं बुकिंग उघडलं आणि नेमकं तेव्हाच सोक्जूच्या कॉम्प्युटरचं नेट रखडायला लागलं. त्याने राउटर बंद करून चालू केला, टेबलाखाली शिरून पिन काढली, पुन्हा खोचली, नेटवाल्यांना शिव्या घातल्या.

"वायर बदलून बघतोस का?" त्याच्या बायकोने, हेरानने विचारलं.

"तुला काय कळतं गं त्यातलं? तू सणाच्या स्वयंपाकाचं बघ!"

टेबलाबाहेर राहिलेल्या त्याच्या ढुंगणाकडे हेरानने तुच्छतेने पाहिलं. दरवर्षी सासरी ती कंबर मोडेपर्यंत धिरडी घालायची आणि हा टीव्हीसमोर लोळत "अजून आण" म्हणायचा. चांगली वायर काढून तिने कालच एक खराब वायर जोडली होती. पण बायकोने सुचवलेलं करून बघेल, तर तो सोक्जू कसला?

तिकिटं संपली. एवढ्या लांब गाडी चालवायचा त्याला कंटाळा. त्याने रडवेल्या आवाजात आईला फोन करून 'यंदा येत नाही' म्हणून सांगितलं.

थोड्या वेळाने हेरानचा फोन वाजला.



"जमवलंस गं सूनबाई!" सासूबाई कुजबुजल्या, "मीही यंदा चूल पेटवत नाही, मैत्रिणींबरोबर जेजू बेटावर चालले."