नाव सांगायचं नाही

“बाबा, तुमच्या काविळीच्या औषधात नेमकं काय असतं?”

विचारून दाखव, अशी पैज माझी मैत्रीण तनुजानंच माझ्याशी लावली होती. बाबा हसले. “नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो, बाळा.” घराण्याची रीतच ती. रानातून फळं मीच वेचून आणते, म्हणून नाव मला ठाऊक होतं. तरी मैत्रिणींसमोर मीही ऐटीत गप्प राहिले.

आठवड्यात तनुजालाच कावीळ झाली. बाबांनी तिच्या नाकात त्याच फळांच्या औषधाचे थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी नाकातलं रक्त थांबेना. तालुक्याच्या दवाखान्यातून तिच्या आईचा फोन आला. “भाऊजी, पोरीला काय दिलंत ते डॉक्टर विचारतायत. सांगा ना.”

बाबांनी न बोलता फोन ठेवला. माझ्या आईनंही नजर वळवली.

मी फोन उचलून तनुजाच्या आईचा नंबर लावला. “आई, बाबा, मी त्या फळाचं, देवडांगरीचं नाव सांगतेय. गुण जायचा तर जाऊ दे. तनुजा जायला नको.”