दाखवायची गाडी

बाळासाठी गाडी निवडायला आम्ही तिसऱ्यांदा त्याच दुकानात आलो होतो. नवरा कारखान्यात माल तपासतो. त्याने प्रत्येक चाक फिरवलं, ब्रेक दाबले, रिकामी गाडी उंबऱ्यावरून चारदा ढकलली. वीस दिवसांचं बाळ मात्र माझ्याच खांद्यावर. मला चाकांचा वीट आला होता. “बाळाला झोपवून बघा ना,” दुकानातल्या बाई म्हणाल्या. मी त्याला अलगद ठेवलं. त्याने भळकन दूध ओकलं. हनुवटीवरून मानेच्या वळीत ओघळ गेला. नवऱ्याने झटकन रुमाल काढला. म्हटलं, चला, बाप झाला एकदाचा! त्याने बाळाला तसंच बाजूला सरकवलं आणि गादी पुसायला घेतली, शिवणीशिवणीतून. “अहो, राहू द्या. ही दाखवायची आहे, तुम्हाला नवी मिळेल,” बाई म्हणाल्या. तरी पुसतच राहिला. मग तोच आंबूस रुमाल माझ्या हातात कोंबत म्हणाला, “आता याचं तू बघ.”