मोबाइलमधला आवाज

डॉक्टरीणबाईंनी रुग्णाच्या कागदांवर चहाची बशी ठेवली आणि गाठीच्या तुकड्याची काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. आधी काच, मग कागद, हा त्यांचा जुना हट्ट. कागद आधी वाचला की डोळे त्याचीच री ओढतात, असं त्या म्हणत.

बशीखाली दुसऱ्या लॅबचा निकाल होता: स्वरयंत्राचा कॅन्सर. उद्या सकाळी आठला एका शिक्षिकेचं स्वरयंत्र काढायचं ठरलं होतं.

काचेवर मात्र घशाचं अस्तर धडधाकट होतं. त्याच्याखाली रक्ताच्या घराण्यातल्या, एरवी हाडांच्या मगजात नांदणाऱ्या पेशींनी दाटी केली होती. बाईंनी दोनदा पाहिलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं, मग बशीखालचा कागद वाचला आणि सर्जनला फोन लावला.

"उद्याचं ऑपरेशन थांबवा. हे बिऱ्हाड भलत्याच घरात येऊन बसलंय."

"बाई, सगळी तयारी झालीय. तुमची खात्री आहे?"

"खात्री नाही, शंका आहे. सुरी थांबवायला शंका पुरते."

वेगळे रंग देऊन काचा पुन्हा पाहिल्या, मगज तपासला, सगळी हाडं तपासली. कुठेच काही नाही. गाठ होती ती घशातली एकच. पाचव्या दिवशी, कधी नव्हे त्या, डॉक्टरीणबाई स्वतः लॅबबाहेर व्हरांड्यात आल्या.

बाकावर शिक्षिका बसली होती. शेजारी नवरा, मोबाइल मुठीत घट्ट धरून.

"गाठ रक्ताच्या पेशींची आहे. अशा जागी फार क्वचित येते," बाई म्हणाल्या. "कापायचं काही नाही. किरणांचे उपचार घ्यायचे. तुमचा आवाज कुठे जात नाही."

शिक्षिकेचा जीव भांड्यात पडला. नवरा मात्र लहान मुलासारखा रडायला लागला.

"आठवडाभर हिचा आवाज भरून ठेवत होतो, डॉक्टर. गुपचूप. नंतर ऐकायला म्हणून." त्यानं बटण दाबलं.

"ओला टॉवेल परत पलंगावर! किती वेळा सांगायचं तुम्हाला?" घोगरा आवाज अख्ख्या व्हरांड्यात घुमला. पुढचंही सगळं तसलंच होतं. बाकांवरची माणसं हसायला लागली.

"डिलीट करा ते आधी," शिक्षिका तशाच घोगऱ्या आवाजात कडाडली. "चारचौघांत शोभा करताय!"

नवऱ्यानं बाहीनं डोळे पुसले.

"करतो की. आता रोज ताजं मिळणार आहे."