बारा कोरी पानं

"कोणी कोणाला मारलं, ते आधी सांगा," टीचर म्हणाल्या.

जोडगोळीतल्या दोघांचेही गाल लालबुंद होते.

"कोणीच नाही," थोरला म्हणाला. "आम्ही दुसरा गाल पुढे करत होतो. पण त्यासाठी पहिल्यावर कोणीतरी मारायला लागतं ना. म्हणून पाळ्या लावल्या."

धाकट्याची पाळी अजून यायची होती. त्याला घाई झाली होती.

टीचरनी डोळे मिटून घेतले. आठवडाभर त्या चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत. रविवारी चर्चमागच्या माडीवर मुलांना बायबल शिकवत. नुसती घोकंपट्टी त्यांना मान्य नव्हती. वचन वागण्यात उतरलं पाहिजे. म्हणून त्यांनी वह्या काढल्या होत्या. आठवड्यात कोणतं वचन पाळलं ते लिहायचं, खाली घरच्यांची सही आणायची. आज साडेदहाला पाळकसाहेब वह्या तपासायला येणार होते. वही भरलेली असेल तो मोठ्या वर्गात जाणार. बाकीचे परत छोट्यांत.

निदान खुर्च्या रांगेत होत्या, फळा पुसलेला होता, टीचरच्या दुखऱ्या पाठीसाठी उशीही जागेवर होती. मागच्या रविवारी यातलं काहीच नव्हतं आणि टीचरनी वॉचमन मामाला चांगलंच फैलावर घेतलं होतं. मामाने ते मुकाट ऐकून घेतलं. एरवी दर रविवारी तो त्यांचे आभारही असेच मुकाट घ्यायचा.

त्यांनी 'रेडिओ'ची, म्हणजे वर्गातल्या बडबड्या मुलीची, वही उघडली. 'खरं बोलले,' एवढंच लिहिलं होतं.

"काय खरं बोललीस?"

"आत्याला सांगितलं, तू आल्यापासून आई दिवस मोजतेय."

खाली आईची सही होती. पेन कागदातून आरपार गेलं होतं.

पुढची वही 'वकिला'ची, शब्दांत पळवाटा शोधणाऱ्या मुलाची. ज्याच्याकडे कोट नव्हता त्याला त्याने कोट दिला होता.

"शाब्बास. तुझा?"

"बाबांचा. माझा मला लागतो."

घड्याळात दहा वीस झाले. उरली घुमीची वही. ही मुलगी सगळ्यांच्या आधी यायची आणि शेवटपर्यंत तोंड उघडायची नाही. बारा रविवार, बारा पानं, बाराही कोरी.

टीचरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तीन महिन्यांत एक चांगली गोष्ट झाली नाही तुझ्याकडून? या कार्ट्यांनी निदान एकमेकांना मारलं तरी. आणि दर रविवारी बाह्यांना एवढी धूळ कुठून लावून आणतेस गं?"

घुमीने बाह्या झटकल्या.

"परत छोट्यांत बसायचंय?"

"नाही."

"मग काहीतरी लिही, बाई. दहा मिनिटं आहेत. सहीचं मी बघते."

"तुम्हीच नको म्हणालात, टीचर. चांगलं केलेलं आपल्या डाव्या हातालासुद्धा कळू द्यायचं नाही."

"मी कधी म्हणाले?"

"पहिल्या रविवारी. वह्या दुसऱ्या रविवारी आल्या."

टीचरनी तारखा बघायला हजेरीपट काढला. घुमीच्या नावापुढे एकच फुली होती.

"मागच्या रविवारी आली नव्हतीस?"

"ताप होता."

टीचरनी सरळ रांगेतल्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग पुसलेल्या फळ्याकडे. मग घुमीच्या बाह्यांकडे. पाठीमागची उशी त्यांना एकाएकी टोचायला लागली.

जिन्यावर पाळकसाहेबांची पावलं वाजली.

टीचरनी डावा हात पाठीमागे नेला, उजव्या हाताने पेन उघडलं आणि घुमीच्या बारा कोऱ्या पानांपैकी अकरांवर सही केली.